तालिमोआचे दगड आणि माझी मान

मला राग चटकन येतो, हे आधीच सांगून टाकते. नागपूरच्या जिल्हा कोर्टात मी वकिली केली आहे. तिथे आवाज चढवला नाही तर पट्टेवालासुद्धा ढुंकून बघत नाही. मग प्रल्हादशी लग्न झालं, त्याला टेक्सासमध्ये नोकरी लागली, आणि मी काळा कोट बॅगेच्या तळाशी घालून प्लेनोला आले. माझा व्हिसा म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेलं शेपूट. राहा, खा, गाडी चालवायला शिका, पण कमवायचं नाही. दर शनिवारी कुणाच्या तरी पॉटलकला मी छोले घेऊन जायचे आणि "तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं की "सध्या काही नाही," असं म्हणायचे. म्हणताना अंगाची लाही लाही व्हायची.

त्यामुळे डॅलसमधल्या एका लॉ स्कूलमध्ये प्रोफेसर डोलन म्हणून एक बाई बिनपगारी मदतनीस शोधतायत असं कळलं, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी ट्रेन पकडून त्यांच्या दारात हजर झाले. बाई साठीच्या, उंच, पायात बारा महिने काऊबॉय बूट. समुद्रात बुडायला आलेल्या छोट्या छोट्या देशांची कामं त्या फुकट करायच्या. मला म्हणाल्या, "समुद्राबद्दल काय माहीत आहे?"

म्हटलं, "काही नाही. मी जिथली आहे तिथून समुद्र गाठायला आगगाडीत एक अख्खी रात्र काढावी लागते."

"छान," त्या म्हणाल्या, "म्हणजे चुकीचंही काही माहीत नाही." आणि मला फाइल दिली.

ही २००६ सालची गोष्ट. फाइल तालिमोआ नावाच्या देशाची होती. प्रशांत महासागरात एवढासा ठिपका. माणसं आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावात मावतील इतकी. किनाऱ्यावर दगडांची एक रांग, कमरेएवढ्या उंच दगडांची. पहिल्या होड्या घेऊन जे पूर्वज त्या बेटावर आले, त्यांतल्या एकेकाचा एकेक दगड. मूल जन्मलं की आधी त्याची पाठ आपल्या घराण्याच्या दगडाला टेकवायची, नाव नंतर ठेवायचं. माणूस गेलं की दगडाजवळ जाऊन त्याला सांगायचं, अमका आला तुमच्याकडे, सांभाळा. आता दर उधाणाला पाणी थेट त्या दगडांच्या पायाशी येत होतं. दोन दगड आडवे झाले होते. फाइलमध्ये एक फोटो होता. एक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून तान्ह्या मुलाची पाठ आडव्या पडलेल्या दगडाला टेकवत होती. तो फोटो बघितला आणि मला रडूच आलं. मी काही अशी रडूबाई नाही.

आता कायद्याचं ऐका. लढाईत दुसऱ्याची देवळं पाडू नका, यासाठी देशादेशांमध्ये करार आहे. मूर्ती चोरून परदेशात विकू नका, यासाठीही आहे. पण अख्खा देशच पाण्याखाली गेला तर त्याच्या पूर्वजांवर हक्क कुणाचा? यावर सगळे मूग गिळून गप्प. म्हणून डोलनबाईंनी दोन वर्षं खपून तालिमोआ आणि शेजारचा एक डोंगराळ देश यांच्यात करार घडवून आणला होता. दगड त्या शेजाऱ्याच्या टेकडीवर हलवायचे, आणि तरी ते तालिमोआच्या लोकांचेच राहायचे. त्यातलं सातवं कलम म्हणजे बाईंचा जीव की प्राण. तालिमोआची वीतभर जमीन पाण्यावर उरली नाही तरीसुद्धा हे दगड आणि ते ज्या मातीत रोवले जातील ती माती तालिमोआच्याच लोकांची, असं त्यात लिहिलं होतं. लिहिलं होतं म्हणजे वकिली इंग्रजीत. 'भूप्रदेशाची घट अथवा संपूर्ण लोप झाला असताही' वगैरे. माणसाला कळेल असं नाही.

सह्या सोमवारी न्यूयॉर्कला व्हायच्या होत्या. पुढच्याच आठवड्यात जहाज तालिमोआला लागणार होतं. हे जहाज चुकलं तर पुढचं यायच्या आत वर्षाखेरचं मोठं उधाण, आणि त्यात ती रांग टिकेल असं कुणीच म्हणत नव्हतं. सगळं तयार होतं. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. तालिमोआच्या घटनेप्रमाणे दगडांच्या राखणदाराने स्वतः सही दिल्याशिवाय त्यांना हात लावायचा अधिकार राष्ट्रप्रमुखालासुद्धा नाही. आणि राखणदार, योआने नावाचे ऐंशीच्या घरातले गृहस्थ, हृदयाच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे आलेले. मुलगी राहायची कुठे? डॅलसच्या विमानतळाजवळ! आमच्या घरापासून हायवेने पाऊण तास.

"तूच जा," डोलनबाई म्हणाल्या. "मी न्यूयॉर्कमध्ये अडकले आहे. पण एक लक्षात ठेव, सुचित्रा. तू टेक्सासची वकील नाहीस. फक्त वाचायचं. त्यांनी होकार दिला तर सही घ्यायची. अर्थ समजावायचा नाही, आश्वासन द्यायचं नाही, तोंडातून एक शब्द काढायचा नाही. उद्या कुणी म्हणालं की परवाना नसलेल्या बाईने म्हाताऱ्याला फूस लावली, तर सगळा करार बाराच्या भावात जाईल."

तोंडातून शब्द काढायचा नाही! मला! पण मी कबूल केलं. एवढं काम मिळालं होतं, ते काय तोंडापायी घालवायचं?

बुधवारी मी गेले. मुलीने, सेलीनाने, दार उघडलं. ती विमानतळावर विमानं आतून साफ करायचं काम करायची आणि निघायच्याच घाईत होती. "बाबांना इंग्रजी येतं, जहाजावर होते ते," एवढं सांगून गेली.

खिडकीजवळ आरामखुर्चीत आजोबा बसले होते. मोठा देह, फुलाफुलांचा शर्ट, वरच्या उघड्या बटणातून टाक्यांची रेघ दिसत होती. खिडकीबाहेर पार्किंग लॉट. मी नमस्कार केला आणि पहिलं कलम वाचलं. सावकाश, खणखणीत. मग विचारलं, "तुम्हाला हे मान्य आहे?"

आजोबांनी माझ्याकडे बघितलं आणि भुवया उडवल्या.

मला वाटलं, ऐकू आलं नाही. आवाज चढवून पुन्हा वाचलं. "मान्य आहे?"

पुन्हा भुवया वर. तोंडातून अक्षर नाही.

तिसऱ्यांदा वाचलं. शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसालाही पाठ झालं असेल, इतक्या मोठ्याने वाचलं. पुन्हा तेच! हा माणूस ऑपरेशनने बहिरा झाला की माझी फिरकी घेतोय, मला कळेना. दुसरं कलम, तिसरं कलम, प्रत्येकाला भुवया. पालथ्या घड्यावर पाणी. मला तर कोर्टातल्या एका साक्षीदाराची आठवण झाली. तोही असाच दर प्रश्नाला "काय?" म्हणायचा, आणि शेवटी मी न्यायाधीशांसमोर फाइल आपटली होती. इथे आपटायला नुसतं कॉफी टेबल होतं. मी गिळला राग.

सातवं कलम वाचलं तेव्हा मात्र आजोबा पुढे झुकले. "लॉयर," ते म्हणाले. तेव्हापासून ते मला 'लॉयर'च म्हणायला लागले. खरं सांगते, पाच वर्षांनी तो शब्द ऐकून बरं वाटलं. "हे मला कळलं नाही. साधं सांगा. आमची सगळी जमीन पाण्याखाली गेली, तरी दगड आमचे राहतील?"

अगदी नेमका प्रश्न. मला ओरडून सांगावंसं वाटलं, हो आजोबा, अहो त्यासाठीच तर दोन वर्षं खटपट केली बाईंनी! पण तोंडाला कुलूप. मग माझ्या वकिली डोक्यात एक युक्ती आली. बाईंनी शब्द काढू नको म्हटलंय. मानेबद्दल कुठे काय म्हटलंय? मी आजोबांच्या डोळ्यांत बघितलं आणि चांगली दोन्ही खांद्यांकडे मान डोलावली. आपण डोलावतो ना, 'हो तर, अगदी, काळजीच नको,' तशी.

आजोबांचा चेहरा उतरला. ते मागे टेकले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. तसेच बघत म्हणाले, "आज सही नको."

घरी आले ती फणफणतच. प्रल्हाद ऑफिसमधून येऊन कांदा चिरत होता.

"काय झालं?"

"नन्नाचा पाढा! बाकी तोंडातून अक्षर नाही. नुसत्या भुवया! कप्पाळ माझं!"

"अगं, वयस्कर माणूस आहे. पूर्वजांना हलवायचं म्हणजे जीव तुटत असेल," प्रल्हाद म्हणाला. हा माणूस असा आहे. मी पेटले की हा पाणी होतो. बरंच आहे म्हणा, नाहीतर घर जळलं असतं.

शुक्रवारी मी पुन्हा गेले. या वेळी नारळाच्या वड्या करून नेल्या. आमच्या आईचं म्हणणं, पोटात गोड गेलं की जिभेवरचा 'नाही' विरघळतो. आजोबांना वडी इतकी आवडली की त्यांनी डोळेच मिटले. मग आपणहून बोलायला लागले. त्यांची बायको गेली, तिला त्यांनी किनाऱ्यालगत पुरलं होतं. तिथेच सगळ्यांना पुरायचे. एका सकाळी जाऊन बघतात तर जागाच नाही. नुसतं पाणी. "मी तिचं नाव दगडाला सांगितलं होतं," ते म्हणाले. "आता ती तेवढीच उरली आहे. त्या दगडात."

मी वड्यांची बशी त्यांच्याकडे सरकवली.

"तुमच्या गावात असे दगड आहेत?" त्यांनी विचारलं.

हा काही कायद्याचा सल्ला नव्हे. म्हणून मी बोलले. म्हटलं, नागपूरला एक दगडी खांब आहे, झिरो माईल म्हणतात. सगळी अंतरं तिथून मोजायची.

"कुणाचा आहे तो?"

"कुणाचाच नाही. नुसता मोजायला."

आजोबांना हे फार वाईट वाटलेलं दिसलं. "बिचारा," असं म्हणून त्यांनी आणखी एक वडी घेतली.

मग मी पुन्हा सगळी कलमं वाचली. पुन्हा भुवया. पण या वेळी मी चिडले नाही. म्हटलं, असू दे. सातव्या कलमाला त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. "लॉयर, जमीन गेली तरी दगड आमचेच? नक्की?"

या वेळी मी कसूर ठेवली नाही. जीव ओतून, डोळ्यांत माया आणून, मान अशी काही डोलावली की कानातले डूल गालाला लागले.

आजोबांनी हातातली अर्धी वडी बशीत ठेवली. माझा हात हातात घेतला. "तुम्ही भल्या बाई आहात," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून दुसरं कुणी खोटं बोललं असतं. तुम्ही खरं सांगता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जमलं, म्हटलं, अगं बाई जमलं! पेनसुद्धा काढलं पर्समधून.

"म्हणून मी सही करणार नाही," आजोबा म्हणाले. "दगड आमच्या पाण्यात बुडाले तर निदान आमचे म्हणून तरी बुडतील."

मी पेन परत पर्समध्ये टाकलं आणि निघाले. परतताना हायवे ६३५ वर माझी एक्झिट चुकली. मग पुढच्या एक्झिटला उतरून एका गॅस स्टेशनवर गाडी लावली आणि मनसोक्त रडले. मघाशी म्हटलं ना, मी रडूबाई नाही म्हणून? ते मागे घेते. त्या पाण्यात उभ्या बाईचं तान्हं पोर काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

डोलनबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नाही म्हणायचा त्यांना हक्क आहे, सुचित्रा. लोकांचा हक्क राखायला आपण हा करार केला. आता त्यांचाच नकार कसा मोडायचा?" बाईंचा आवाज इतका थकलेला मी कधी ऐकला नव्हता. "रविवारी एकदा जा. मन वळवायला नको. नुसतं विचारायला की नक्की ना. नक्की म्हणाले तर मी तालिमोआच्या मंत्र्यांना कळवते."

रविवारी प्रल्हाद म्हणाला, मीच ड्राइव्ह करतो, तू एक्झिट चुकवशील. तो सकाळपासून उपाशी होता, कारण मी स्वयंपाकच केला नव्हता. कुणाला सुचतंय स्वयंपाक करायला?

त्या दिवशी सेलीना घरी होती. नारळाच्या दुधातले गोल तळलेले वडे केले होते तिने, घरभर वास. प्रल्हादचा चेहरा उजळला. आजोबांनी स्वतः बशी पुढे केली. प्रल्हादने एक खाल्ला, दुसरा खाल्ला. मी कोपराने ढोसलं, आपण कशाला आलोय, हा काय करतोय!

आजोबांनी बशी आणखी पुढे केली. "अजून?"

प्रल्हादचं तोंड भरलेलं. त्याने मोठ्या खुशीत मान डोलावली, डावीकडे, उजवीकडे, दोन्ही खांद्यांकडे.

"बरं," असं म्हणून आजोबांनी बशी उचलली आणि सेलीनाच्या हातात दिली. सेलीना ती आत घेऊन गेली.

प्रल्हाद त्या बशीकडे असा बघत राहिला, जणू स्टेशनवर त्याची गाडी डोळ्यांदेखत सुटली. "अगं, मी हो म्हणालो ना," तो माझ्या कानाशी मराठीत पुटपुटला. "का नेली?"

आणि माझी ट्यूब पेटली.

अशी पेटली की मी उभीच राहिले. "आजोबा," मी म्हटलं, आणि तेही मराठीत म्हटलं, मग इंग्रजीवर आले. "यांनी आता मान हलवली, ती तुम्हाला काय वाटली?"

"नको म्हणाले ते."

"आणि मी? दगड आमचे राहतील का म्हणून तुम्ही विचारलं तेव्हा मी मान हलवली. ती तुम्हाला 'नाही' वाटली?"

आजोबांनी भुवया उडवल्या.

"अहो, काय 'काय'?" माझा बांध फुटला. "बुधवारपासून बघतेय, काही विचारलं की भुवया! दर कलम तीन तीन वेळा वाचलं मी! हो म्हणा, नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा ना! तिकडे समुद्र काय थांबणार आहे का तुमच्यासाठी?"

सेलीना आतून धावत आली. "मिस सुचित्रा, ओरडू नका. ते हो म्हणतायत ना!"

"कुठे म्हणतायत?"

"हे काय!" सेलीनाने स्वतःच्या भुवया उडवल्या. "आमच्याकडे हो म्हणजे हेच. भुवया वर, म्हणजे हो. तोंडाने कोण म्हणतं?"

मी मटकन खाली बसले. "म्हणजे बुधवारी... पहिलं कलम?"

आजोबांच्या भुवया वर.

"दुसरं? तिसरं? सहावं?"

वर, वर, वर. "तुम्ही परत परत वाचायचात," आजोबा म्हणाले. "मला वाटलं तुमच्याकडे तसा रिवाज असेल. प्रार्थनेसारखा."

प्रल्हाद खो खो हसायला लागला. मेल्याला लाज नाही! पण मग सेलीना हसली, आणि मलाही आवरेना. आजोबा तेवढे हसत नव्हते. ते माझ्या मानेकडे बघत होते. "लॉयर," त्यांनी हळूच विचारलं, "मग तुमचं ते... ते हो होतं?"

आता तोंडाने सांगायचं होतं, आणि तोंडालाच बंदी! पण या वेळी मी शहाणी झाले होते. फोन काढला, डोलनबाईंना लावला, स्पीकरवर टाकून आजोबांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "बाई, राखणदार तुम्हाला काही विचारतायत. तुम्ही परवानेवाल्या आहात, तुम्ही उत्तर द्या. साध्या शब्दांत. आणि मान हलवू नका."

आजोबांनी विचारलं. तोच प्रश्न, तिसऱ्यांदा.

"हो," फोनमधून डोलनबाई म्हणाल्या. "तुमचेच. जमीन राहिली तरी तुमचे, गेली तरी तुमचे. जिथे रोवाल ती मातीसुद्धा तुमची. ते मी लिहून घेतलंय, आणि उद्या दोन देश त्याच्याखाली सही करतील. फक्त तुम्ही हो म्हणायची खोटी आहे."

आजोबांचे डोळे भरून आले होते, आणि भुवया पार कपाळात चढल्या होत्या.

"हॅलो?" डोलनबाईंनी विचारलं. "काय म्हणाले?"

"हो म्हणाले, बाई," मी म्हटलं. "अहो, बुधवारपासून हो म्हणतायत."

पण आजोबांनी पेन लगेच घेतलं नाही. म्हणाले, आधी त्यांना विचारायला हवं. सेलीनाने तालिमोआला फोन लावला. तिथे सोमवार उजाडला होता. तिचा चुलतभाऊ फोन घेऊन किनाऱ्यावर गेला आणि एकेका दगडाशी धरत गेला. आजोबा इकडून एकेक नाव घेऊन बोलत होते. मला भाषा कळत नव्हती, पण नाव कुठलं आणि विनवणी कुठली ते कळत होतं. एका दगडापाशी ते खूप वेळ थांबले, अगदी हळू बोलले. बायकोचं नाव सांगितलेला दगड असणार. मध्ये मध्ये फोनमधून पाण्याचा आवाज यायचा. इतका जवळ, की मी नकळत पाय वर घेतले. त्या आवाजाची पहिल्यांदाच भीती वाटली मला.

मग आजोबांनी फोन ठेवला, डोळे पुसले आणि सही केली. मोठी, वळणदार, जहाजावर शिकलेली. मी तो कागद त्याच दुपारी फॅक्स केला, पोचल्याचा फोन आला आणि माझा जीव भांड्यात पडला. हुश्श! सेलीनाने ती वड्यांची बशी परत आणली आणि प्रल्हादसमोर ठेवली. या वेळी त्याने मान हलवली नाही. सरळ हात घातला.

सह्या झाल्या. जहाजही वेळेवर लागलं. योआने आजोबांची तब्येत सुधारली तसे ते दगडांच्या मागोमाग त्या टेकडीवर राहायला गेले. राखणदार दगडांपासून लांब कसा राहणार? वर्षाखेरचं उधाण आलं ते त्या किनाऱ्यावरून पार नारळीच्या बागेपर्यंत गेलं. जिथे रांग होती तिथे खड्डे तेवढे उरले. डोलनबाईंनी मला फोटो पाठवला. मी तो बघितला आणि देवासमोर साखर ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात एका शनिवारी आजोबांचा फोन आला. आम्ही पॉटलकलाच निघालो होतो, हातात छोल्यांचं भांडं. लाइन खरखरत होती. म्हणाले, लॉयर, तुमच्या फाइलमधल्या फोटोत पाण्यात उभ्या असलेल्या बाईला दुसरं मूल झालं. इथे, टेकडीवर.

मी भांडं खाली ठेवलं. "मग? टेकवली त्याची पाठ दगडाला? उभ्या दगडाला? कोरड्या?"

पलीकडून काहीच आवाज नाही. नुसती खरखर. मी फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"काय झालं?" प्रल्हाद घाबरला. "फोन कट झाला का?"

"नाही रे," मी म्हटलं. "हो म्हणतायत ते."